गाडीत वाजलेला पहिला फोन

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. घरी बायकोलाही नाही. त्या दिवशी माझ्या फोनला रेंज होती. चांगली होती, आणि मीच माझ्या हाताने ती तिथे आणलेली होती. फोन माझ्या थोरल्या बहिणीचा होता. नाव पाहिलं आणि मी तो कापला. नंतर सगळ्यांना सांगितलं की मी डोंगराच्या आड होतो, फोन लागतच नव्हता.

एवढ्याशा गोष्टीचं काय लिहायचं, असं मलाही बरेच दिवस वाटायचं. कामाच्या गडबडीत फोन कोण कापत नाही. पण त्या फोनवर एका डोळ्याचं काय होणार ते ठरायचं होतं, म्हणून लिहितोय.

मी शहापूरला राहतो आणि अँटेना बसवतो. कौलांवर बांबू उभा करून टीव्हीचे अँटेना बांधण्यापासून सुरुवात केली. मग डिशच्या छत्र्या आल्या, मग कॅमेरे, आता इंटरनेटचे अँटेना. माझी पहिली मदतनीस म्हणजे माझी बहीणच. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. तिचं लग्न व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. घरात नवा टीव्ही आलेला, आणि बाय पदर खोचून कौलांवर चढलेली. ती बांबू फिरवायची, मी आत पडद्यापुढे बसून ओरडायचो.

"आलं का रे?"

"आलं... गेलं. गेलं गो. मागं घे."

"किती मागं?"

"जरासं. थांब. हां, आता हलू नको."

"हलू नको म्हंजे? मी काय रातभर बांबू धरून बसू इथं?"

ती तशीच धरून बसायची. माझं पाहून झालं की मग खाली यायची. तेव्हा तिच्या वाटणीला त्यातलं काहीच यायचं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

लग्न होऊन ती सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावर गेली. मेहुणे वारले, एकुलती मुलगी किन्हवलीकडे दिली, आणि बाय तिथेच राहिली. थोडं भात, दोन शेळ्या, सात-आठ कोंबड्या. त्या पाड्यावर रेंज नाही. पाड्याच्या वर एक टेपाड आहे आणि टेपाडावर जांभळाचं झाड. त्या झाडापाशी तेवढी रेंज येते, तीही खोडाच्या एकाच अंगाला. म्हणून खोडाला खिळे ठोकलेत. सकाळी कामाला जाताना प्रत्येक जण आपला फोन पिशवीत घालून आपल्या खिळ्याला अडकवतो. पिशव्या ज्याच्या त्याला ठाऊक. फोन वाजला की जवळपास जो असेल तो उचलतो, कोणाचाही असो. निरोप ऐकतो, आणि टेपाडावरून हाक मारून किंवा जाता जाता घरी सांगतो. कोणी कोणाचा निरोप आजवर बुडवला नाही. मी मजेत म्हणायचो, "बाय, तुमचं टपाल भारी आहे." ती म्हणायची, "तुज्या मशिनीपेक्षा बरं. याला करंट लागत नाय."

दोन वर्षांपूर्वी, भात कापून झोडणी चालू होती त्या दिवसांत, बायचा फोन आला. उजव्या डोळ्याने दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, डोकं ठणकतं. मुरबाडला डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की डोळ्यातला दाब फार वाढलाय, मोठ्या दवाखान्यात लवकर जायला हवं. परवा सकाळी सात वाजता मुरबाडहून चार-पाच पेशंटना घेऊन दवाखान्याची जीप ठाण्याला जाणार होती. सोबत घरचं माणूस हवं, सहीला. मुलगी त्याच आठवड्यात बाळंत झालेली. राहिलो मी.

"येशील ना?"

"बघतो."

"बघतो म्हंजे?"

"अगं, टोकावड्याला गाडीचं काम घेतलंय. उद्या सांगतो."

"उद्या संध्याकाळपर्यंत सांग बाळा. नायतर माजी जागा दुसऱ्याला देतील ते." माझे केस पिकले तरी ती मला बाळाच म्हणते.

ते गाडीचं काम म्हणजे माझ्यासाठी नवीनच प्रकार होता. कल्याणचं एक साठीचं जोडपं. त्यांनी एक जुनी मिनीबस घेऊन तिचं चाकांवरचं घर केलं होतं. सीटा काढून पलंग, छोटा ओटा, वर फळ्या, छतावर सोलर. खिडक्यांना काकूंनी स्वतः शिवलेले पडदे. टोकावड्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, ओळखीच्या एका माणसाच्या शेताच्या कडेला गाडी उभी होती. जागा सुरेख. फक्त तिन्ही बाजूंना डोंगर, त्यामुळे रेंज शून्य.

त्यांची मुलगी परदेशात होती. तिची एकच अट होती. रोज संध्याकाळी आईबापाचं तोंड दिसलं पाहिजे. दिसलं तर महिनाभर काय, वर्षभर फिरा. नाहीतर गाडी विका.

"बूस्टर बसवून द्या," काका म्हणाले.

"काका, बूस्टरला सरकारी परवानगी लागते. तो मी बसवत नाही. वर अँटेना लावू, आत राउटर. अँटेना सिग्नल ओढेल, राउटर आत वायफाय देईल."

"म्हणजे वर कान आणि आत तोंड," काकू म्हणाल्या.

"बरोबर."

"आमच्याकडे उलटं आहे. तोंड सगळीकडे, कान कुठेच नाही." हे काकांकडे बघून.

काका हसले नाहीत. त्यांचं लक्ष माझ्या ड्रिलकडे होतं. "छताला भोक पाडायचं नाही हां. नवा रंग दिलाय."

पुढे अशा आणखी काही गाड्या केल्या तेव्हा कळलं, हा घोळ प्रत्येक गाडीवाल्याकडे असतो. सगळ्यांना केबल मागच्या दाराच्या रबरातून आत घ्यायची असते. पण दार रोज उघडणार, रोज आपटणार, आणि ही केबल काही साधी वायर नाही. आत मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती फोम, त्यावर जाळी. एकदा चेपली की बाहेरून धड दिसते आणि आतून कामातून जाते. मी त्यांना एक तुकडा दाराखाली चेपून दाखवला. काका तो तुकडा बोटांत धरून बराच वेळ बघत राहिले.

"पाडा भोक," काकूच म्हणाल्या. "कान टोचताना पोरगी रडतेच. म्हणून काय टोचायचं नाही?"

बायचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कामाला लागलो. सोबत कोणी नव्हतं. आधी लांब काठीला फोन बांधून शेतभर फिरलो, कोणत्या अंगाला काय मिळतं ते पाहिलं. मुरबाडच्या बाजूला दोन डोंगरांमध्ये एक खिंड आहे, तिच्यातून अगदी बारीकसा सिग्नल येत होता. गाडीच्या मागच्या शिडीला दुमडता येईल असा खांब बसवला. गाडी चालवताना आडवा करायचा, मुक्कामी उभा करायचा. त्यावर चपटा अँटेना, तोंड खिंडीकडे.

मग छत. कपाटाच्या बरोबर वर पडेल अशी जागा धरली, म्हणजे आत केबल उघड्यावर दिसणार नाही. आतून पत्र्याच्या पट्ट्या कुठे आहेत ते बोटाने ठोकून पाहिलं. भोक पाडलं, कडा कानशीने घासल्या, उघड्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून लाल रंग लावला. रबराची चकती बसवली, त्यातून केबल घातली, वर टोपण, कडेने सीलंट. भोकात शिरायच्या आधी केबलला बाहेर खाली एक झोळ द्यायचा असतो. पाणी केबल धरून धरून येतं. झोळाच्या तळाशी आलं की टपकतं, आत शिरत नाही. हे शिकवलेलं नसतं, एकदा कोणाचा तरी पलंग भिजवला की कळतं.

आतून जीआयची ताठ लोखंडी तार सरकवून केबल कपाटामागून खाली ओढली. सोलरच्या वायरी एका अंगाने, ही दुसऱ्या अंगाने. कोपऱ्यात ताठ मोडायची नाही, सैल वळण द्यायचं. काकू पलंगावर बसून बॅटरी धरत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तुम्ही केबलला किती जपता हो. लहान मूल झोपवल्यासारखं." मला बरं वाटलं. माझ्या कामाबद्दल असं कोणी फारसं बोलत नाही.

चारच्या सुमाराला राउटर चालू केला. दिवे लाल, मग पिवळे, मग एकेक करून हिरवे. पडताळून पाहायला मी आधी माझाच फोन त्या वायफायला जोडला. हल्ली वायफायवरून साधा फोनही लागतो. काका आणि काकू समोरासमोर बसलेले, मधल्या फळीवर त्यांचा फोन उभा करून ठेवलेला. मुलीला वेळ कळवली होती. काकूंनी केस विंचरले होते आणि काकांना शर्ट बदलायला लावला होता.

आणि फोन वाजला. माझा.

काका उठलेच. "आला! लागला! कोणाचा आहे?"

पडद्यावर 'बाय' असं होतं. मी लाल बटण दाबलं आणि म्हणालो, "कामाचा आहे. नंतर करतो."

"अहो घ्या ना," काकू म्हणाल्या. "उद्घाटन तुमच्याच फोनने होऊ द्या."

"नको. पहिला फोन तुमच्या मुलीचाच झाला पाहिजे."

हे मी म्हणालो आणि काकूंचे डोळे भरून आले. इतका चांगला माणूस आहे हा, असं त्यांना वाटलं असणार. दोन मिनिटांनी पुन्हा वाजला. मी आवाज बंद करून फोन खिशात टाकला. मांडीवर त्याचं थरथरणं संपेपर्यंत मी राउटरचे दिवे बघत उभा राहिलो.

खरं कारण काय, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मुलीच्या फोनचं निमित्त होतं. बायचा फोन घेतला असता तर हो म्हणावं लागलं असतं. हो म्हटलं असतं तर पहाटे उठून जीपमध्ये बसून ठाण्याला जावं लागलं असतं, दिवसभर बाकावर बसावं लागलं असतं. आणि मला कंटाळा आला होता. एवढंच आहे. तिच्यावर राग नव्हता, काही भांडण नव्हतं. एका दिवसाचा कंटाळा.

मग मुलीचा फोन आला. ती तिकडे अंथरुणातच बसून बोलत होती. म्हणाली, "आई, मागे डोंगर दिसतोय." काका फोन घेऊन गाडीभर फिरले, तिला ओटा दाखवला, पडदे दाखवले, छतातून केबल कुठून येते तेसुद्धा. मला फोनपुढे उभं केलं. ती म्हणाली, "थँक यू काका, आता मला झोप लागेल." मी चहा प्यायलो आणि निघालो.

टोकावड्याला मोठ्या रस्त्याला लागल्यावर रेंज आपोआप येते. तिथे गाडी थांबवून मी फोन बघितला. उलटा फोन करता आला असता. बाय झाडापाशी नसेल, असं मी मनाशी म्हणालो. पण ती नसली तरी तिची पिशवी खिळ्याला असणार आणि कोणीतरी उचलणारच, हे मला पक्कं माहीत होतं. मी गाडी चालू केली आणि शहापूरला घरी आलो.

तिकडे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. दोन्ही वेळा रिंग वाजून तुटली, आणि त्या झाडापाशी फोन असा तुटला की रेंज गेली असंच सगळे धरतात; तेव्हा बायने पिशवी खिळ्याला अडकवली. खळ्यावर झोडणी चालली होती, तिथल्या माणसांना सांगितलं, "भावाचा फोन येल, हाक मारा." अंधार पडेपर्यंत तिथली माणसं भारा झोडता झोडता मध्येच थांबून कान देत होती. एकदा दुसऱ्याच कोणाचा फोन वाजला, तर दोघं धावत गेले. शेवटी बायने मुरबाडला निरोप धाडला की माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला. एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. बायच्या शेजारचे आजोबा.

"कोन?"

"मी शहापूरवरनं. तिचा भाऊ."

"अरे तुमीच काय ते! काल किती वाट बघितली तुमची. आमी झोडनी टाकून बसलो व्हतो."

"ती गेली का जीपने?"

"कशी जानार? संगती कोन नाय तर घेत नाय बोलले. डोकं धरून बसलीय घरात."

मग आजोबाच म्हणाले, "फोन लागत नव्हता वाटतं तुमचा?"

त्यांनीच दार उघडून दिलं आणि मी आत शिरलो. "हो ना आजोबा. टोकावड्याच्या आत होतो. तिथे रेंजच नाही."

"तितं कुटली रेंज? मला म्हाईत हाय ना. आमच्या मेव्हन्याचं रान तितंच हाय." आणि फोन कानापासून दूर न धरताच त्यांनी टेपाडावरून हाक मारली. "ए गो, भावाला तुज्या रेंज नव्हती! रेंज नव्हती बोलतो!"

खालून कोणीतरी तीच हाक पुढे दिली. मग आणखी कोणीतरी. माझं खोटं घरोघर जाताना मी फोनवर ऐकत होतो. ज्या पाड्याने कधी कोणाचा निरोप बुडवला नाही, त्याने हाही पोचवला.

बाय धापा टाकत वर आली. म्हणाली, "असू दे बाळा. डोंगराला कोन काय करनार? तू जेवलास का?"

पुढची जीप दीड महिन्याने होती. त्या वेळी मी गेलो. त्याआधीही मी स्वतः तिला नेऊ शकलो असतो. पण तिने विचारलं नाही आणि मी काढलं नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, उजव्या डोळ्याची नजर गेलेली आहे आणि ती परत यायची नाही. डावा थेंब टाकून सांभाळू. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, दीड महिन्यापूर्वी आलो असतो तर? ते म्हणाले, "तेव्हा बहुतेक काही वाचलं असतं. नक्की नाही सांगता येत." त्या 'नक्की नाही'वर मी पुष्कळ दिवस काढले.

परतीच्या वाटेवर, मुरबाडला जीपमधून उतरल्यावर, बाय एसटीत माझ्या डाव्या हाताला बसली होती. मला बघायला तिला अख्खं तोंड वळवावं लागत होतं. दोन-तीनदा तसं करून पाहिलं, मग म्हणाली, "तू या बाजूला ये रे. दिसत नायस." मी उठून तिच्या डाव्या बाजूला बसलो.

गेल्या उन्हाळ्यात मी तिच्या घरावर अँटेना बसवला. तसाच, खांबावर, टेपाडाच्या अंगाला तोंड करून. म्हटलं, आता थेंब टाकायची आठवण करायला मला रोज फोन करता येईल, तिला टेपाड चढायला नको. बायने खाली शिडी धरली होती. मी वरून विचारलं, "दिवे हिरवे झाले का गो?" ती आत जाऊन डोकं वळवून वळवून बघून आली. "एक झाला. एक अजून तांबडा हाय." मी अँटेना जरा फिरवला. "आता?" "थांब, थांब. हां, झाला. आता हलू नको." आणि स्वतःच हसली. तिला कौलांवरचे ते दिवस आठवले असावेत. मला तर आठवलेच.

केबल भिंतीतून आत घेत होतो, तेव्हा तिने बाहेरच्या झोळाला हात लावून पाहिला. "ही अशी खाली कशाला सोडलीस? पानी आत येल."

"ती सोडलीय म्हणूनच येणार नाही. पाणी इथे टपकतं."

"त्या गाडीला पन अशीच लावलीस?"

"हो."

"त्या लोकांचा लागला का रे फोन, त्यांच्या पोरीला?"

त्या गाडीची आणि परदेशातल्या मुलीची गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती; तिने सहज विचारलं होतं. तिला काही कळलं होतं, असं मला आजही वाटत नाही. दुपारची वेळ, अंगणात आम्ही दोघंच. तेव्हा सांगायला हवं होतं. मी केबलला क्लिप ठोकत म्हणालो, "लागला. दुसऱ्या दिवशी."

"बरं झालं," ती म्हणाली. "बिचारी लांब ऱ्हाते."

घरात वायफाय आलं तरी बाय अजून रोज संध्याकाळी टेपाडावर जाते. फोन घरी ठेवून जाते. तिथे चार माणसं भेटतात, आणि कोणाचा फोन वाजला तर उचलायला कोणी नको का, असं म्हणते. डाव्या डोळ्याची नजर तशीच आहे. मी रोज आठ वाजता फोन करतो आणि ती पहिल्या रिंगला उचलते.

बायला नीट वाचता येत नाही, आता तर दिसतही कमी. हे छापून आलं तर तिची नातवंडं किंवा पाड्यावरचं कोणीतरी तिला वाचून दाखवेल, आणि ज्या तोंडांनी तेव्हा माझं खोटं नेलं त्याच तोंडांतून तिला खरं कळेल. ते बरोबर नाही. त्याआधी मला तिथे जाऊन, तिच्या डाव्या हाताला बसून, माझ्या तोंडाने सांगायचं आहे की त्या दिवशी रेंज होती, तुझा फोन वाजला होता, मी तो दोनदा पाहिला आणि घेतला नाही. एवढं मी तिचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.